अकरा विरुद्ध पाच

लॉर्न टीबो बावीस वर्षं दुधाचा टँकर चालवत होता. पाठीने असहकार पुकारल्यावर डॉक्टर म्हणाले, बसून करायचं काम सोडा. म्हणून त्याने उभं राहून करायचं काम निवडलं. टँकर विकला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी नागरिकशास्त्राचा शिक्षक व्हायला निघाला. सरावासाठी तो माझ्या वर्गात आला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या शाळेत मी एकोणीस वर्षं हाच विषय शिकवतेय, त्यामुळे मला कुणाचं चटकन कौतुक वाटत नाही.

त्याच्या शेवटच्या पाठाला कॉलेजच्या हॅडली बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांनी नापास केलं तर शिकवण्याचा परवाना नाही, आणि टँकर तर गेलेलाच.

पाठ गावसभेचा होता. लॉर्नने वर्गात खरीच सभा भरवली. तो अध्यक्ष, सोळा मुलं म्हणजे गाव. विषय एकच: नववीला दुपारचं जेवण मैदानात करू द्यावं का? सभा ठरवेल ते मान्य, असं मुख्याध्यापकांनी लिहून दिलं होतं.

मी आधीच बजावलं होतं, "अरे, ही पोरं दर मार्चला आईबापांबरोबर गावसभेत बसतात. सभेचे नियम तुझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ आहेत. तुझाच खेळ करतील."

"बरंय की, डोरीन," तो म्हणाला. "म्हणजे शिकवायला कमी."

सहाव्या मिनिटाला कोरीन गान्यों उठली. ही नऊ वर्षांची असल्यापासून बापाच्या चुका भर सभेत दाखवते. "अध्यक्ष महाशय, सभा इथेच संपवावी अशी मी सूचना मांडते."

"अनुमोदन!" मागून आवाज आला.

या सूचनेवर चर्चा करता येत नाही, थेट मतदान. लॉर्नचे कान लाल झाले. मी डोळे वटारून खुणावलं, दटाव त्यांना. त्याने हात मोजले.

"बाजूने अकरा, विरोधात पाच. सूचना मंजूर, सभा संपली."

आणि तो खाली बसला. तास संपायला चौतीस मिनिटं होती.

मुलं हसली, टाळ्या पिटल्या, मग घड्याळाकडे बघू लागली. आपल्या मताप्रमाणे खरंच काही घडतं, याची कुणाला सवय नव्हती. हॅडली बाई लिहीत होत्या.

"मग जेवणाच्या विषयाचं काय?" कोरीनने विचारलं.

"राहिला. नवी सभा हवी तर सह्यांचा अर्ज करा. नोटीस तीस दिवस आधी लावावी लागते."

"तीस दिवस? सर, गंमत होती ती!"

"मी मोजले ना हात," लॉर्न म्हणाला.

हॅडली बाईंनी शुक्रवारपर्यंत त्याच्याकडून पाठावरचं मनोगत मागितलं. 'पुढच्या वेळी काय वेगळं कराल?' या प्रश्नाखाली अर्धं पान कोरं होतं. मी म्हटलं, "लिही ना, मुलांना आवरायला हवं होतं म्हणून. तेवढ्याने सुटशील."

त्याने लिहिलं, 'काही नाही. फार भीती वाटली.' मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

दुपारी कोरीन माझ्या टेबलापाशी आली. "टीबो सर नापास होणार?"

"होऊ शकतात."

"मग सरांनी आम्हाला थांबवलं का नाही?"

"तुम्ही मत दिलंत म्हणून."

कोरीनने माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि गेली.

शुक्रवारी सकाळी वर्गाच्या दारावर नोटीस होती, खाली सोळा सह्या. अर्जाला गावातल्या पाच टक्के मतदारांच्या सह्या लागतात, म्हणजे इथे एक सही पुरली असती. हॅडली बाईंनी दारातच ती दोनदा वाचली, मग आत येऊन लॉर्नच्या कागदावर सही केली. "पास," त्या म्हणाल्या. "मनोगत मात्र फार तोकडं आहे."

 लॉर्न दारापाशी गेला. विषय एक, मैदानातलं जेवण. त्याखाली कोरीनच्या अक्षरात विषय दोन होता: 'टीबो सरांच्या तासाला घंटा होण्याआधी सभा संपवण्याची सूचना कुणीही मांडू नये.'

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"असं बंधन घालता येत नाही," तो म्हणाला. "नियमबाह्य आहे. सांगायला हवं त्यांना."

आणि मुलं यायला अजून वीस मिनिटं असताना तो वर्गात जाऊन उभा राहिला.