छताचा आवाज
मेणबत्ती विझली की तिच्या वातीचा जो कडवट धूर येतो, त्यासरशी मला भद्रावतीजवळचं विजासन लेणं आठवतं. बाबा कोळशाच्या खाणीतून रिटायर झाले, त्याच हिवाळ्यात आम्ही तिघं ते पाहायला गेलो होतो. बाहेर टेकडीवर ऊन चढलं होतं आणि समोर डोंगराच्या पोटात सरळ शिरलेला काळोखा, गारेगार बोळ होता. त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती. मी पाऊल टाकणार तोच बाबांनी आडवा हात धरला, काठी उंच करून छताला ठोकली आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. आई म्हणाली, “अवो, मूर्ती पाहाले आलो नं आपण? छत काऊन ठोकून राह्यले?” राखणदारानंही हटकलं, “भाऊ, जुनं काम आहे, काठी नका लावू.” तशी काठी आईकडे देऊन बाबा भिंतीवर बोटांचे सांधे वाजवत एकटेच पुढे सरकले. मला राहवेना. “बाबा, शेकडो वर्षं उभं आहे हे! ऐकता तरी काय?” काळोखातून उत्तर आलं, “पोकळ असलं तं ढबढब वाजते. खाणीत अशा छताखाली कोणाले उभं नाई करत.” मग बऱ्याच वेळानं टोकावरून हाक आली, “या आता. पक्कं आहे.” आईनं मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, ती झुळकीनं विझून धूर पसरला, मी मात्र बाबांकडेच पाहत होते. ते अजून वरच बघत होते. आता त्या धुरासोबत एवढंच मनात येतं, की जन्मभर रोज जमिनीखाली उतरलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच आम्हाला सोबत नेत होता.