सरकता पिस्टन

उत्तरेतल्या एका जुन्या मराठी संस्थानाच्या शहरात, दाना ओली या गल्लीतल्या आपल्या कोचिंग क्लासात माधवराव हिंदीतून फिजिक्स शिकवत. मराठी मुलांशी मराठी बोलायचं ते जिन्यात, वर्गात नाही, असा त्यांचा दंडक. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या दरबारात कारकून होते. माधवरावांचा रुबाब मात्र थेट दिवाणाचा.

त्या दिवशी फळ्यावर गणित होतं. सिलिंडरमधला वायू तापवायचा, वर मोकळा सरकणारा पिस्टन. माधवरावांनी ते बंद डब्यासारखं सोडवून टाकलं. तेवढ्यात त्या तुकडीतली एकुलती एक मराठी मुलगी, रुचिका, उठली.

"सर, पिस्टन ऊपर जाएगा ना? तो हीट ज़्यादा लगेगी।"

रुचिकाचे पणजोबा त्याच दरबाराच्या फौजेतले, हे त्यांना ठाऊक होतं. ते हसून म्हणाले, "तलवारवाले घर की हो, तलवार चलाओ। फ़िज़िक्स हमारे घरों के लिए रहने दो।"

वर्ग खो खो हसला. रुचिका खाली बसली.

संध्याकाळी हाच किस्सा ते बायकोला, इंदुताईंना, रंगवून सांगत होते. त्या फुलके भाजत होत्या आणि हसत नव्हत्या. जाळावर फुलका टम्म फुगला, आणि माधवरावांची जीभ अडखळली. वायू कोंडलेला असेल तर सगळी उष्णता त्याला तापवण्यातच जाते. पिस्टन सरकता असेल तर तो वर ढकलण्याचं कामही वायूलाच करावं लागतं, म्हणून तेवढंच तापवायला उष्णता जास्त लागते. पोरगी बरोबर होती! गणित चुकल्याची लाज एक वेळ पचली असती. पण ते दुसरं, तलवारीचं वाक्य काही चुकून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जिन्यातच गाठलं. "रुचिका, तुझंच बरोबर होतं गं. माझं चुकलं."

"काल तर हिंदीत बोलला होतात, सर," ती म्हणाली. "सबके सामने।"

माधवराव खाली मान घालून वर्गात गेले. "कल का सवाल मैंने ग़लत कराया। रुचिका सही थी।" गणित पुन्हा नीट सोडवून दाखवलं आणि घाईघाईनं फळा पुसायला घेतला.

मागून रुचिकाचा आवाज आला, मराठीत. "गणिताचं झालं, सर. दुसरं अजून राहिलंय."

या तुकडीत मराठी कळणारं आणखी कुणी नव्हतं. पोरीनं त्यांची अब्रू झाकूनच मागणं मागितलं होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. कानशिलं तापली.

"सर, क्या बोली ये?" पोरं विचारू लागली.

माधवरावांनी डस्टर खाली ठेवला, आणि ती काय म्हणाली ते हिंदीत सांगायला सुरुवात केली.