शेठच्या अक्का

अक्कांच्या घरी कुणीही गेलं की त्या पाणी विचारायच्या आधी हात धुवायला लावत. अंगणातल्या नळाशी साबणाची वडी कायम ठेवलेली असे. कुरिअरवाला असो, नळ दुरुस्त करणारा असो की सख्खी भाची असो, "आधी हात," एवढंच म्हणत. गल्लीत सगळ्यांचा समज होता की बाई फार सोवळ्याची आहे. बँकेतल्या बदलीनं मी जळगावला आले आणि त्यांची वरची खोली बघायला गेले, तेव्हा माझाही तसाच समज झाला. हात धुऊन झाल्यावर त्या मला जिन्याकडे न नेता थेट मागच्या खोलीत घेऊन गेल्या. "खोली नंतर बघा. आधी हे बघा. पटलं तर राहा, नाही पटलं तर चहा घेऊन जा," म्हणाल्या.

खोलीत काचेची मोठी पेटी होती आणि पेटीत वेटोळं करून बसलेला अजगर. लांबीला आखूड, पण माझ्या मांडीएवढा जाड, अंगावर विटकरी-तांबडे पट्टे. मी दाराशीच थबकले. "हा आपल्याकडचा नाही," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आपला अजगर घरात ठेवणं गुन्हा आहे. हा सुमात्राकडच्या दलदलीतला, ब्लड पायथन म्हणतात. वनखात्यात रीतसर नोंद आहे, माझ्या नावावर." पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मी चहा घेतला आणि राहिलेही. का राहिले ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, जी बाई घर भाड्यानं देताना सगळ्यात अवघड गोष्ट आधी दाखवते, तिच्या घरात धोका नसतो.

अजगर मूळचा त्यांच्या मुलाचा, भूषणचा. पुण्यात नोकरीला असताना त्यानं हौसेनं पिल्लू घेतलं होतं. पुढं त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि "महिनाभर सांभाळ, मी सोय करतो," असं सांगून तो पेटी जळगावला ठेवून गेला. महिन्याचं वर्ष झालं. तेव्हा अक्कांनी त्याला फोनवर सुनावलं, "जीव असा महिन्याच्या बोलीवर ठेवता येत नाही. एकतर घेऊन जा, नाहीतर माझ्या नावावर कर." त्यानं नावावर केला. त्यानं ठेवलेलं इंग्रजी नाव मात्र अक्कांनी चालू दिलं नाही. "दिवसभर गादीवर बसायचं, जागचं हलायचं नाही, आणि कुणी जवळ गेलं की फुस्स करून अंगावर यायचं. याला शेठ नाही तर काय म्हणायचं?"

अक्कांच्या घरात कधी अंडंही आलेलं नव्हतं. शेठसाठी मात्र मागच्या खोलीत वेगळा छोटा फ्रीज होता आणि त्यात पुण्याहून बर्फात आलेले उंदीर. दोन-तीन आठवड्यांतून एकदा अक्का एक उंदीर कोमट पाण्यात ठेवून नरम करत, चिमट्यानं पेटीत धरत आणि तोंड भिंतीकडे वळवत. एकदा मी विचारलं, तुम्हाला हे कसं जमतं? त्या म्हणाल्या, "माझ्या व्रताचं मी बघते, त्याच्या जेवणाचं तो बघतो. मी मध्ये फक्त वाढपी." साबणाचं कारणही त्याच दिवशी कळलं. सुरुवातीच्या काळात एकदा उंदीर देऊन त्याच हातानं त्या पाण्याचं भांडं उचलायला गेल्या आणि शेठनं मनगट धरलं. अक्कांनी हात न ओढता त्याच्या तोंडावर गार पाणी सोडत ठेवलं, तेव्हा त्यानं सोडलं. "त्याची काय चूक? हाताला जेवणाचा वास होता, त्यानं जेवण धरलं." तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाचे हात आधी नळाखाली जात.

निवृत्तीपर्यंत त्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. त्यामुळे शेठचं सगळं दुखणं त्यांना नकाशावर दिसे. "सुमात्राचा जीव आणि मुक्कामाला जळगाव. बिचाऱ्याला कुणी विचारलं का?" असं त्या म्हणत. त्याच्या देशात हवा कायम दमट, आपल्याकडे चैत्रापासून ओठ फुटतात. पेटीत नारळाच्या भुशाचा जाड थर असे आणि त्यावर त्या रोज सकाळी पाणी शिंपडत. किती शिंपडायचं याचं त्यांचं माप स्वयंपाकघरातलं होतं. मेथी निवडून ओल्या फडक्यात गुंडाळतो, ते फडकं जेवढं ओलं असतं तेवढं. त्याहून जास्त झालं तर पोटाखालची कातडी खराब होते, कमी झालं तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. पेटीचं एक टोक उबदार, दुसरं गार. "कुठं बसायचं ते त्याला ठरवू दे. आपण दोन्ही ठेवायचं," म्हणायच्या.

नागपंचमीला शेजारच्या काकू वाटीत दूध आणि हळदकुंकू घेऊन यायच्या. अक्का त्यांना आत घेत, लांबून दर्शन घेऊ देत, आणि दुधाची वाटी परत त्यांच्याच हातात देत. "दूध पीत नाही तो. नातवाला द्या, त्याला लागेल." काकूंना राग येत नसे, कारण अक्का पाठोपाठ त्यांना पुरणाचे दिंड खायला बसवत. शेठची आणखी एक खोड होती. पोट साफ व्हायला त्याला महिना-महिना लागे, कधी त्याहून जास्त. या जातीचं तसंच असतं, पण अक्कांचा जीव टांगणीला लागे. मग त्याला कोमट पाण्याच्या टबात बसवायचं आणि वाट बघायची. काम झालं की त्या जिन्याखाली येऊन मला हाक मारून सांगत, "झालं बरं का." एखाद्या घरी मुलगा पास झाल्याची बातमी यावी तसा त्यांचा आवाज असे.

मी आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेठ आजारी पडला. मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला होता, आणि ऐन दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. अक्कांनी पेटीवर ओली गोणपाटं टाकली, माठातलं पाणी शिंपडलं. वीज आल्यावर त्यांनी घाईनं कूलर थेट पेटीच्या समोर लावला. आधी भट्टी आणि मग एकदम गार वारा. आठवड्याभरात शेठ डोकं वर करून बसायला लागला. हनुवटी काचेला टेकवून, जणू श्वासासाठी जागा शोधतोय. एके सकाळी मी बँकेत निघाले तर अक्का पेटीला कान लावून बसलेल्या. "ऐका," म्हणाल्या. आतून बारीक घरघर येत होती. त्याच्या ओठाच्या कडेला फेस होता. "फुसफुसला तर तो शेठच असतो. घरघरला म्हणजे काहीतरी बिघडलं."

त्या दिवशी मी रजा टाकली. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी शेठला पाहिलं आणि हात जोडले. "अक्का, मी म्हशी आणि कुत्री बघतो. यातलं मला कळत नाही, आणि कळत नसताना सुई मारणार नाही." अक्कांना त्यांचा राग आला नाही. "खरं बोलले, वेळ वाचवला," म्हणाल्या. त्याच डॉक्टरांनी धुळ्याच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. जखमी साप पकडून आणणारी सर्पमित्र मंडळी त्यांच्याकडेच जायची. जळगाव ते धुळे माझ्या गाडीत मागच्या सीटवर पेटारा, त्यात चादरीत गुंडाळलेला शेठ, आणि शेजारी पेटाऱ्यावर हात ठेवून बसलेल्या अक्का. मी आरशातून बघत होते. माहेरच्या अहिराणीत त्या त्याच्याशी बोलत होत्या, "काय व्हयनं रे तुले? उगा ऱ्हाय, उगा ऱ्हाय." साक्रीकडच्या माहेरची बोली त्या एरवी फक्त बहिणीशी फोनवर बोलत.

वाटेत भूषणचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "आई, एवढं कशाला धावते या उन्हात? तुलाच काही झालं तर? शेवटी साप आहे तो." अक्कांनी पेटाऱ्याचं झाकण चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "साप आहे म्हणूनच धावते. तू आजारी असतास तर सांगितलं असतंस. हा सांगत नाही." भूषणनं फोन ठेवला नाही. धुळे येईपर्यंत तो तसाच लाइनवर होता.

डॉक्टरबाई भूषणच्याच वयाच्या. त्यांनी शेठचं तोंड उघडून पाहिलं, छातीशी यंत्र लावलं आणि मग अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. पेटी कुठं असते, वारा कुठून येतो, ऊब किती, भुसा किती ओला. शेवटी म्हणाल्या, "फुप्फुसाला संसर्ग झालाय. औषध देऊ. पण अक्का, याला उकाडा आणि वाऱ्याचा झोत दोन्ही सोसत नाहीत. कूलर खोलीत ठेवा, त्याच्या अंगावर नको." अक्कांनी मान डोलावली. "म्हणजे माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्याच हातून वेळेवर आलाही आहे."

मग सुयांचं सत्र सुरू झालं. दर दोन दिवसांआड इंजेक्शन, तेही अंगाच्या पुढच्या भागात. दर वेळी धुळ्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून डॉक्टरबाईंनी अक्कांना सुई टोचायला शिकवलं. शेठला टॉवेलात धरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी दाराशीच थबकलेली मी आता बँकेतून येऊन, हात धुऊन, अजगराचं डोकं धरून बसायचे. त्याचं अंग गार आणि जड असे, आणि आतली घरघर माझ्या तळहाताला लागे. अक्का सुई टोचताना श्वास रोखून धरत. तो जेवत नव्हता. वजन उतरत होतं. एका संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "परक्या मुलखात आणून मारला असं व्हायला नको." एवढंच. मग पोळ्या लाटायला लागल्या.

पाऊस सुरू होऊन हवा निवली तेव्हा घरघर थांबली. कधी थांबली ते आम्हा दोघींनाही नेमकं कळलं नाही. सुई द्यायला मी त्याला धरलं आणि तळहाताला काहीच लागेना. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी खाली वाकून पेटीला नाही, थेट त्याच्या अंगाला कान लावला. बराच वेळ तशाच राहिल्या. मग शेठनं त्यांच्या कानाजवळ जोरात फुस्स केलं. अक्का तिथंच फरशीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले. "कसाले फुसफुस करस रे," म्हणाल्या, "कर, कर." त्या रात्री आम्ही दोघींनी कितीतरी दिवसांनी नीट जेवण केलं. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी.

त्यानंतर दोन वर्षं शेठ ठणठणीत होता. ठणठणीत नव्हता तो अक्कांचा खांदा. टबातून त्याला उचलताना एकदा हात वरच जाईना. मी घरी होते म्हणून निभावलं. त्या दिवशी खांद्याला शेक देत त्या म्हणाल्या, "हा अजून पंधरा-वीस वर्षं जगेल. मी जगेनच असं नाही. याची सोय मी चालतीबोलती असतानाच लावली पाहिजे." कुणाला सांगून, रडून काही केलं नाही. धुळ्याच्या डॉक्टरबाईंना फोन केला, त्या आनंदानं तयार झाल्या, आणि वनखात्यातली नोंद त्यांच्या नावावर झाली. आम्ही दोघी पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. डॉक्टरबाईंच्या घरातली खोली अक्कांनी नीट पाहिली, भुशात बोटं घालून ओल तपासली, आणि शेठला आपल्या हातानं आत सोडलं. परतताना वाटेतल्या पारोळ्यापर्यंत त्यांचा हात रिकाम्या पेटाऱ्यावर तसाच होता.

मग वाट बघणं सुरू झालं. नव्या जागी अजगर खात नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना उलटला. मला अक्का सांगत, "उपाशी राहून तो मरत नाही. माणसं घाई करतात आणि मारतात." आणि स्वतः रोज सकाळी धुळ्याला फोन लावत. साक्रीची बहीण किती दिवसांपासून मुक्कामाला बोलवत होती. शेठमुळे इतकी वर्षं अक्का कुठं रात्री राहिल्याच नव्हत्या. आता मोकळ्या होत्या, तरी निघत नव्हत्या. "एकदा त्याचं कळू दे," म्हणायच्या.

एका रविवारी मी कपडे वाळत घालत असताना खालून हाक आली. डॉक्टरबाईंचा फोन होता. शेठनं कात टाकली होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, आणि दुसऱ्याच दिवशी उंदीर खाल्ला होता. अक्का फोन कानाशी धरून फक्त "बरं, बरं," म्हणत होत्या. ठेवल्यावर खुर्चीत मागं टेकून बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना खुर्चीला पाठ टेकवून बसलेलं पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "साक्रीची गाडी सकाळी कितीला असते हो?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसस्थानकावर सोडलं. गाडी धुळ्यावरूनच जाणार होती, म्हणून संध्याकाळी फोन करून मी विचारलं, "धुळ्याला उतरलात की नाही? भेटलात का त्याला?"

"नाही," अक्का म्हणाल्या. मागून बहिणीचा आणि कितीतरी बायकांचा गलका ऐकू येत होता. "कालच जेवलाय तो. जेवलेल्याला उगाच कशाला हलवायचं? तो मजामा शे. मी बी मजामा शे."

आणि कुणीतरी ताट वाढल्याची हाक दिली, म्हणून त्यांनी फोन ठेवला.