दारातली खुर्ची

भूकंपात गाव पडल्यावर तो लातूरला, आमच्या शेजारी राहायला आला. कुणाच्याही घरी गेला की आधी वर स्लॅबकडे बघायचा, मग खुर्ची ओढून दारात बसायचा. चहासुद्धा तिथंच. प्रत्येक वाक्याआधी "म्हंजी बघा सर."

एका कोचिंग क्लासमध्ये गणिताच्या शिक्षकाची जागा निघाली. त्याचं गणित पक्कं होतं, म्हणून त्याच्याकडून मुलाखतीची तयारी मी करून घेतली. नजर साहेबांकडे ठेव, आवाज मोठा काढ, आणि काही झालं तरी खुर्ची हलवू नकोस, हे रोज बजावलं. तो दारातूनच "हाव" म्हणायचा.

मुलाखतीहून पेढे घेऊन आला.

"आणि खुर्ची?" मी विचारलं.

"म्हंजी बघा सर, वढली. पार दारापतुर."

"साहेब काय म्हणाले?"

"काय न्हाई. त्यायनं वर बघितलं, अन् आपली खुर्ची घिऊन माझ्यापाशी बसले. मंग गणितं इचारली."

नोकरी गणितानं मिळाली की खुर्चीनं, मला अजून उमगलेलं नाही. माझी तयारी तर नक्कीच कामी आली नाही. पण हल्ली तो यायचा असला, की मी आधीच दारात दोन खुर्च्या टाकून ठेवतो.