उरलेली पट्टी

इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनच्या कपड्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या अकरा बायका आहेत आणि त्यांच्यावर आहेत ताई. वर डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या झळकतात, खाली यांना कोणी नावसुद्धा विचारत नाही. नाही तर नाही, पण ताईंची गोष्ट ऐकल्याशिवाय जाऊ नका.

ताईंच्या आधी तिथे घड्याळकाका होते. नाव ठेवायला जागा नाही असा माणूस, कामाला वाघ! कोणता गठ्ठा किती वाजता वाफेच्या यंत्रात जाणार, कोण कधी चहाला उठणार, सगळं त्यांच्या फळ्यावर आखलेलं. ताई त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. काका निवृत्त झाले तसा फळा ताईंकडे आला, पण नेमणूक तात्पुरती. कायम करायचं की नाही, ते अधीक्षकसाहेब वर्षभराने ठरवणार होते. यजमान आजारी, लेक शिकतेय. घर चालायचं ते या एका नोकरीवर.

फळा ताईंनी पुसला नाही. एवढंच केलं, की रोज थोडा वेळ टेबलाशी बसून त्याही गठ्ठे बांधायच्या आणि स्वतःचं काही चुकलं की सगळ्यांदेखत सांगायच्या. बायकांना आधी हसूच यायचं. यांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना, अशी कुजबुजही झाली.

निकालाच्या दिवशी सकाळी आठला पाळी संपत आली होती. साठ गठ्ठे वाफ घेऊन वर रवाना झालेले. प्रत्येक गठ्ठ्यात एक कागदी पट्टी घालतात. वाफ आतपर्यंत पोहोचली की ती काळी पडते. पट्टीच नसेल, तर आतलं कापड निर्जंतुक झालं की नाही, देव जाणे. त्या दिवशी मोजून साठ पट्ट्या घेतल्या होत्या. सगळ्यांत नवी बाई पांढरीफटक होऊन ताईंसमोर आली आणि तिने मूठ उघडली. एक पट्टी उरली होती.

कोणत्या गठ्ठ्यात घालायची राहिली, ते बाहेरून कळायला मार्ग नाही. पहिलं ऑपरेशन नऊला. आजच चुकायचं होतं का मेलीला, असं ताईंच्या मनात आलंच. माणूसच ना त्या. पण सांगितलंस ते बरं केलंस, एवढंच म्हणाल्या आणि फोन करून साठच्या साठ गठ्ठे परत मागवले.

सकाळची तिन्ही ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. समोर कायम नेमणुकीचा कागद होता. कोणाची चूक, नाव सांगा, म्हणाले. ताईंनी स्वतःचं सांगितलं. साहेब भडकले. काकांच्या बारा वर्षांत एकदाही पट्टी उरली नाही, तुमच्या पहिल्याच वर्षात कशी उरली?

इथे ताई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

"उरायची, साहेब," त्या म्हणाल्या. "खिशात जायची. माझ्याही खिशात गेली आहे एकदा. त्या पेशंटचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही."

"तेव्हा सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगणार? काका फक्त फळ्याकडे बघायचे."

साहेबांनी कागद उचलला आणि, चला खाली, म्हणाले. नोकरी गेली, असंच ताईंनी धरलं.

तळघरात अकराच्या अकरा जणी टेबलाशी उभ्या राहून गठ्ठे नव्याने बांधत होत्या. पाळी संपून दीड तास झाला होता. तुम्हाला थांबायला कोणी सांगितलं, साहेबांनी विचारलं. कोणीच नाही, असं कळलं. मग का थांबलात?

"ताई वर आमच्यासाठी बोलणी खात होत्या," नवी बाई म्हणाली. "घरी कशा जाणार?"

साहेबांनी टेबलावरचे दोन गठ्ठे बाजूला सरकवले आणि तिथेच कागदावर सही केली.