मागच्या सीटवरची आक्का

आक्का आपलं गाणं आपल्या कानांनी कधी तपासत नसे. ती दुसऱ्यांचे पाय बघायची. सिडकोतल्या माझ्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत गाणं कच्चं तयार झालं, की पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून ती सिन्नरच्या जीपमध्ये बसे. ड्रायव्हर ओळखीचा होता. तो गाणं लावायचा आणि आक्का तोंडावर पदर ओढून मागच्या सीटवर, बाकीच्या प्रवाशांचे पाय बघत गप्प बसायची. "तारीफ खोटी असती मास्तर, पाय खोटं बोलत नाय," असं ती मला सांगायची. पाय हलले नाहीत तर दुसऱ्या दिवशी आम्ही ते गाणं पुन्हा पहिल्यापासून करत असू.

हळदीच्या गाण्यांची ती आमच्याकडची राणी होती. पेठपासून सायखेड्यापर्यंत मांडव पडला की डीजेवर आक्का वाजणारच. तिचा आवाज इतका वर जायचा, की माईकपासून दोन हात लांब उभं राहून ती गायची. तिच्या गाण्यावर बायका बेभान नाचत. बरोबरीने गायची मात्र कोणाची टाप नव्हती.

मग गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण जाड आणि खोल होऊन. डॉक्टरांनी सांगितलं, फार ताणू नका. मी म्हणालो, "आक्का, आता थांब. लोकांना जुना आवाज लक्षात राहू दे."

"अन् नव्याचं काय करू, पुरून टाकू? एक अल्बम करायचा. शेवटचा. मग मी मोकळी, तू मोकळा."

मी नाराजीनेच तयार झालो. पहिलं गाणं मी कॉम्प्युटरवर तिच्या जुन्या वरच्या पट्टीत चढवून चकचकीत केलं, तिच्या देखतच. ती एवढंच म्हणाली, "तुझा धंदा, तुला कळतं." नंतर आम्ही दोघं जीपमध्ये बसलो. सिन्नरहून परतताना, मोहदरी घाट उतरताना गाणं लागलं. एका बाईचा पाय जरा हलला आणि थांबला.

"कोण ही नवी पोरगी?" तिने शेजारणीला विचारलं.

"काय की. हेच आपल्या आक्कानं म्हणलं असतं तर मजा आली असती."

पदराआडची आक्का हलली नाही. द्वारका चौकात उतरल्यावर मात्र तिने माझा दंड धरला. "मी मेले का रे? जित्तेपणी माझ्या जागी दुसरी बसवली तू. उद्यापासून हाय त्या आवाजात. लोकांनी नाय घेतलं तर नाय घेतलं."

सगळी गाणी आम्ही खालच्या पट्टीत केली. ती माईकच्या अगदी जवळ उभी राहून, चुलीपुढे बोलावं तशी गायली. अल्बम आला आणि मोबाइलवर थट्टा सुरू झाली. 'आक्का, गरम पाणी घ्या.' 'हा आक्काचा भाऊ का?' डीजेवाले म्हणाले, गाणी उचलत नाहीत, कोणी नाचायला उठत नाही. मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी 'बघ, मी सांगत होतो' असं एक समाधानही होतं, हेही खरं. ते मला अजून सलतं.

पुढे सायखेड्याला एका हळदीचं बोलावणं आलं. आक्काने शेवटच्या अल्बममधलंच गाणं धरलं. मी पेटीवर होतो, आणि मान खाली घालून होतो. दुसऱ्या कडव्याला आवाज एकदम मोठा झाला, म्हणून वर बघितलं. नवरीला हळद लावणाऱ्या बायका गात होत्या. पाट्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्याही गात होत्या. नवरीची मावशी पिवळ्या हातांनीच पुढे आली. "आक्का, आजवर तुमच्या गाण्यांवर नुसत्या नाचलो ओ आम्ही. हे आमच्या गळ्यात बसतंय!"

"मग म्हण की!" आक्काने माईक तिच्यापुढे धरला आणि आपण खाली बसून टाळ्या धरल्या.

परतताना ती म्हणाली, "मास्तर, आज पाय बघायचेच राहिले. तोंडं बघत बसले."

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तिने रेकॉर्डिंग केलं नाही. एरवी मधूनच यायची, चहा घ्यायची, माझ्या वायरींच्या गुंत्याला नावं ठेवायची. गेल्या थंडीत ती गेली. आता कोणी गायला आलं, की मी आधी त्याला नुसतं बोलू देतो. तो बोलतो तिथेच त्याची पट्टी सापडते. गाणं चढवणं मी सोडून दिलंय.

या उन्हाळ्यात माझ्या मुलीची हळद झाली. बायकांनी डीजे बंद करायला लावला आणि आक्काचं तेच गाणं धरलं. मी मुद्दामच मुलीच्या एका मैत्रिणीला विचारलं, "हे कुठलं गं?"

"जुनं आहे काका, आमच्या आजीचं. कोणी केलं ते नाही माहीत."

आक्काचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागच्या सीटवर पदर ओढून बसलेली ती आठवली. ती काही बोलली नसती. मी पेटी जवळ ओढली आणि त्या गात होत्या त्या पट्टीत सूर धरला.