आधी मोनालीले उभी करा

यवतमाळात प्लॉट दाखवणाऱ्या माणसाचं एक ठरलेलं रूप असतं. पांढरा शर्ट, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, चहाच्या टपरीवर बैठक आणि हा रोड उद्या मोठा होणार आहे ही एकच टेप. मोनाली खोब्रागडे यात कुठेच बसत नव्हती. ती साडीच्या दुकानातून या धंद्यात आली. मोबाइलवर घरं आणि प्लॉट दाखवणारी पुण्याची एक नवी कंपनी इथे एजंट शोधत होती. मुलाखतीत मोनालीने सांगून टाकलं, की मी इतकी वर्षं बायकांना साड्या विकल्या, प्लॉट त्याहून अवघड नसणार. पुण्याचे साहेब हसले आणि नोकरी देऊन मोकळे झाले.

सुरुवातीला टपरीवरच्या मंडळींनी तिची बरीच थट्टा केली. बाईमाणूस आता जमीन विकणार, म्हणे. मोनालीचं काम सुरूच होतं. स्कूटीला छत्री अडकवायची, डिक्कीत मोजायची टेप टाकायची आणि निघायचं. साडीच्या दुकानातली एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. पैसे नवरा मोजतो, पण पसंती आधी बायकोच्या डोळ्यांत दिसते, मग ती तोंडाने बोलो न बोलो. त्यामुळे नवरेमंडळी पावलं टाकत रोडचं अंतर मोजत असली, की मोनाली त्यांच्या बायका कुठे थांबतात ते पाहत राहायची. वर्षभरात टपरीवालेच आपली गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवायला लागले.

अशा या मोनालीने एकदा चांगलाच घोळ घातला.

आर्णी रोडला गावाबाहेर एक ले-आउट पडला होता. त्यात इंदुताईंनी प्लॉट घेतला. इंदुताई आर्णीच्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, लेक सुरभी यवतमाळात नर्सिंगला. वाट्याला आलेलं वावर विकून त्यांनी ही जागा घेतली होती. भूमिपूजनाचा मुहूर्त निघाला आणि नेमकं त्याच दिवशी कंपनीने मोनालीला नागपूरला मीटिंगला बोलावलं. इंदुताईंचा फोन आला तेव्हा ती घाईत होती. दुसरी ओळ, रोडकडून सातवा, असं सांगून तिने फोन ठेवला.

आता ले-आउटचे नंबर पडतात ते वावरात नांगर फिरतो तसे. पहिली ओळ रोडकडून मागे जाते आणि दुसरी मागून रोडकडे परत येते. म्हणजे इंदुताईंचा प्लॉट मागच्या बाजूने सातवा होता. मोनालीला हे अंगणासारखं पाठ होतं, तरी त्या दिवशी जीभ घसरली. नंबरचे दगड गवतात बुडालेले, त्यामुळे पूजेच्या लोकांना चूक कळलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेऊन ती तिथे गेली, तर तिनेच दिग्रसच्या देवसिंग राठोडांना विकलेल्या प्लॉटवर झेंडूची फुलं, कुंकू आणि नुकताच बुजवलेला खड्डा. तिने रोडकडून मोजलं, तर तो सातवा.

पुण्याच्या साहेबांनी फोनवर तोडगा काढला. बाईंना पुन्हा पूजा करायला सांगा आणि त्या दुसऱ्या माणसाला काही कळवू नका. मोनाली बरं म्हणाली. पण बरं म्हणणं आणि करणं यात यवतमाळ ते पुणे एवढं अंतर असतं.

ती इंदुताईंकडे गेली आणि चूक माझी आहे, असं तोंडावर सांगितलं. इंदुताई रागावल्या नाहीत, हेच तिला जड गेलं.

"त्या खड्ड्यात मायं वावर हाय, मोनाली," त्या म्हणाल्या. "विकायच्या दिवशी मूठभर माती आणली होती, ती गडूत घालून पुरली. एकदा पुरलेलं मी उकरत नाई. तिथं जमत नसन तं घर राहू दे."

मोनालीच्या घरात मुहूर्त पाहत नाहीत. बाबांनी घर बांधलं तेव्हा बुद्धवंदना झाली, खीर वाटली आणि सगळे राहायला आले. पण वावराच्या मातीचं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी काय करायचं तेही दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिने दिग्रसची एसटी धरली. देवसिंग राठोड एसटीतूनच कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. झालेलं ऐकताच त्यांनी तो सगळा वापरला. माझ्या जागेत दुसऱ्याची पूजा म्हणजे काय, तुमच्या कंपनीला कोर्टात ओढतो, वगैरे. मोनालीने त्यांना पोटभर बोलू दिलं. मग ती दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, रुक्माबाईंकडे वळली.

"मावशी, प्लॉट पाहाले आल्या तवा तुमी शिदोरी कुठं सोडली होती?"

"कडूलिंबाखाली," रुक्माबाई म्हणाल्या. "तिथून उठूच वाटत नव्हतं."

"तो लिंबाचा प्लॉट इंदुताईचा हाय. माप तेच. तुमी हो म्हनान तं तो तुमचा."

रुक्माबाई आपल्या बंजारा गोरबोलीत नवऱ्याला काहीतरी बोलल्या. मोनालीला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण कंडक्टरसाहेबांचा आवाज खाली आला.

"मंग तवा काहून नाई सांगितलं तू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमी रोड मोजून राह्यले होते."

कंपनीच्या अॅपमध्ये अदलाबदल नावाची सोयच नव्हती. मोनालीने पुण्याला इतके फोन केले, की साहेबांनी कंटाळून वकील गाठून दिला. दोन्ही घरांनी रजिस्ट्री ऑफिसात अदलाबदलीच्या सह्या केल्या आणि इंदुताईंची माती जिथे होती तिथेच राहिली.

इंदुताईंच्या घराच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या तेव्हा देवसिंगांचं भूमिपूजन निघालं. सगळे जमले, नारळ हातात घेतला आणि देवसिंग थबकले.

"थांबा," ते त्या मोठ्या आवाजात म्हणाले. "आधी मोनालीले उभी करा."

लोक हसले, मोनालीही हसली. ती मागच्या टोकाला गेली, सगळ्यांना ऐकू येईल असं मोजत आली आणि सातव्या प्लॉटवर, कडूलिंबाखाली उभी राहिली. हाच, काका, म्हणाली. मग खाली पाहिलं, तर पायाशी शिदोरीचं गाठोडं. रुक्माबाईंनी ते केव्हाच तिथे आणून ठेवलं होतं. त्यांना मोजावं लागलं नव्हतं.